चिठ्ठीवरचं ‘जवळ जा’

दादाच्या स्टुडिओत माझं काम होतं लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवायचं. डहाणू स्टेशनाकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान होतं. पुढे काउंटर, मध्ये पडदा, आणि पडद्यामागे खिडकीशी माझं तिरकं टेबल. टेबलाला दुधी काच, काचेखाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा, त्या उजेडावर निगेटिव्ह ठेवून मी अणकुचीदार पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके द्यायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. फोटोत काळी दिसणारी सुरकुती तिथे स्वच्छ रेघेसारखी दिसते. ती पेन्सिलीने भरली की फोटोत माणूस दहा वर्षांनी लहान होतो.

डहाणूतल्या कित्येक नवऱ्यामुलींचे मुरूम माझ्या हातून गेले. पण त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, हा दादाचा नियम. “गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आपण असेच आहोत,” तो म्हणायचा. त्यामुळे गप्प राहणं हा माझा स्वभाव होता की धंद्याची सवय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. एवढं खरं, की बाजारात कुणी भेटलं तर मी आधी मनातल्या मनात त्याचा चेहरा दुरुस्त करायची, मग ओळख द्यायची.

या गप्प बसण्याचं एक ओझं मी फार वर्षं वागवलं. परवा ते वहिनीपाशी उतरवलं, आणि मगच हे लिहायला बसले आहे.

राज्यं वेगळी होऊन झाईच्या पलीकडे गुजरात सुरू झाला, त्याच्या आगेमागे आमच्या भागात डबा कॅमेरे आले. कुणाचा भाऊ आफ्रिकेत, कुणाचा मेहुणा मुंबईत. सुट्टीला येताना चॉकलेटं आणावीत तसे ते कॅमेरे आणायचे. काळा चौकोनी डबा, पुढे एक काच, बाजूला एक खटका. पोटाशी धरायचा, वरच्या खिडकीत वाकून बघायचं, खटका दाबायचा. वाडीवाले, शाळामास्तर, कंपाउंडर, सगळ्यांना नाद लागला. मग वाचनालयाने दिवाळीनंतर डहाणू आणि तलासरी मिळून हौशी छायाचित्रांची स्पर्धा ठेवली. परीक्षक कोण, हा प्रश्नच नव्हता. दादा.

दादासारखा गरीब परीक्षक मी पाहिला नाही. पहिल्या वर्षी त्याने प्रत्येक फोटोखाली ‘छान’ असा शेरा लिहिला. एकाखाली ‘फार छान’ लिहिलं आणि बक्षीस त्याला दिलं. वाचनालयात भांडण व्हायचं बाकी राहिलं. तलासरीचे पोस्टमास्तर भर सभेत उठून म्हणाले, “माझ्या छानात काय कमी होतं, तेवढं परीक्षकांनी सांगावं.”

दादा म्हणाला, “काही नाही हो. छानच होता.”

“मग बक्षीस?”

“तो जरा जास्त छान होता.”

पुढच्या वर्षी वाचनालयाचे चिटणीस स्वतः दुकानात आले. म्हणाले, “या खेपेला प्रत्येकाला सविस्तर अभिप्राय पाहिजे. गुण एक, दोष एक, उपाय एक. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोखाली लावू. माणूस शिकला पाहिजे!”

दादा सगळे फोटो घेऊन दुपारभर माझ्या टेबलाशी बसला. एक उचलायचा, ठेवायचा, उसासा टाकायचा. “हा आपला दूधवाला. याला दोष कसा सांगू? हे मास्तर, यांच्या मुलीचं लग्न आहे, फोटो आपल्याकडेच काढणार.” शेवटी त्याने गठ्ठाच माझ्याकडे सरकवला. “तू दिवसभर लोकांचे दोषच बघतेस. तू लिही.”

“मी? लोक काय म्हणतील?”

“लोकांना कळलं तर ना! तू कच्चं लिही, मी पक्कं उतरवतो.”

आईने बजावलं, “कळता कामा नये हां. लग्नाची पोर आहे. थोरामोठ्यांना अक्कल शिकवते असं एकदा झालं की संपलं.”

असं ठरलं. आणि मला कबूल केलं पाहिजे, त्या चार-पाच दिवसांत मी जितकी सुखात होते तितकी क्वचितच कधी असेन. वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं बाहेर आलं. तलासरीच्या पोस्टमास्तरांनी आठवड्याच्या बाजाराचा फोटो पाठवला होता, तो एका बाजूला कलला होता. मी लिहिलं: ‘बाजार जिवंत आहे. मात्र सगळी माणसं घरंगळत डावीकडच्या मिरचीवालीच्या टोपलीत पडतील अशी धास्ती वाटते. कॅमेरा पोटाशी धरताना आधी पोट सरळ करावं.’ कैनाडच्या एका शेतकऱ्याने बैलांचा फोटो काढला होता, त्यात पुढे त्याचीच लांबलचक सावली. मी लिहिलं: ‘बैल देखणे. तुमची सावलीही देखणी, पण तिला बोलावलं नव्हतं. ऊन अगदी पाठीवर न घेता खांद्यावर घ्यावं, म्हणजे ती बाजूला जाईल.’

पण निम्म्याहून अधिक फोटोंत दोष एकच होता. आमच्याकडे तेव्हा एक समज पक्का होता की फोटोत माणसाचे पाय आलेच पाहिजेत. पाय नसतात ते भुताला. आता पाय यायचे तर लांब उभं राहायचं. मग लांबून काढतोच आहोत तर विहीर येऊ दे, गाडी येऊ दे, नवीन पंप येऊ दे. असं करत माणूस फोटोत शेंगदाण्याएवढा व्हायचा. मी चिठ्ठीमागून चिठ्ठीवर लिहीत सुटले: ‘जवळ जा.’

त्यातला एक फोटो झाईच्या वाडीवाल्या काकांचा होता. समुद्राला लागून त्यांची चिकूची मोठी वाडी. फोटोत झाड होतं, विहीर होती, बैलगाडी होती, मागे समुद्रसुद्धा होता, आणि झाडाखाली एक मुलगी हसत उभी होती. मी भिंग लावून बघितलं तेव्हा कळलं की हसते आहे. त्या चिठ्ठीवर मी लिहिलं: ‘सगळं स्वच्छ आलं आहे. पण झाडाखाली कुणीतरी हसतं आहे, ते बघायला आम्हाला चालत जावं लागेल. आमच्याऐवजी तुम्हीच जा. समुद्र उद्याही तिथेच असेल. हसू नसेल. ते आधी घ्या. जवळ जा.’

दादाने वळणदार अक्षरात सगळं उतरवून काढलं. उतरवताना तो रेडिओ ऐकत होता. मजकुराकडे त्याचं काडीचं लक्ष नव्हतं.

त्या वर्षी वाचनालयात झुंबड उडाली. लोक फोटो सोडून चिठ्ठ्याच वाचत होते. पोस्टमास्तर आपली चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवत होते आणि पोट आत ओढून म्हणत होते, “बघा, सरळ केलं!” कुणाला राग आला नाही. चेष्टा केली तरी नीट बघून केली होती, हे त्यांना कळत असावं. दादाच्या पाठीवर थापा पडत होत्या, आणि तो बावरून सगळ्यांना म्हणत होता, “तुमचा फोटो छान आहे हो.”

झाईचे काका आपल्या चिठ्ठीपुढे बराच वेळ उभे होते. शेजारी त्यांची मुलगी. झाडाखालची.

दादाने तेव्हा तिशी ओलांडली होती. स्थळं यायची, आणि वाडीत झाडं किती असं विचारायची. दादा म्हणायचा, “दोन. स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेली.” स्थळं परत जायची. आईला त्या काळात दुसरा विषय नव्हता. अशात एके दिवशी झाईचे काका आमच्या घरी आले. त्यांच्या बोलण्यात गुजराती अधूनमधून डोकवायचं. आईला म्हणाले, “बेन, सरळ बोलतो. माझ्या पोरीने आजवर सगळ्यांना नाही म्हटलं. तुमच्या मुलाची चिठ्ठी वाचली नि म्हणते, या माणसाला बघायला हरकत नाही.”

आईचा चेहरा असा उजळला, की तो फोटोत आला असता तर मला काही कामच उरलं नसतं. ती माझ्याकडे बघेना. मी तिच्याकडे बघेना. दादा चहाच्या कपात बघत होता.

मुलगी बघून झाली. दोघंही एकमेकांशी जेमतेम चार शब्द बोलली, त्यातला दादाचा एक ‘छान’ होता. काका खुशीत होते. म्हणाले, “सुपारी फोडू, पण पुढची स्पर्धा होऊ दे. जावयाच्याच सल्ल्याने बक्षीस मिळवतो, मग बैठक!” तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सल्ला तर चांगलाच होता.

पुढची दिवाळी झाली, फोटोंची पाकिटं आली. दादाने पहिलं उघडलं. त्यात काहीतरी गोल आणि पांढरं होतं. “हे काय, भाकरी?” तो म्हणाला. मागे लिहिलं होतं: ‘आमचे वडील.’ दुसऱ्यात ढग होता, त्याच्या मागे ‘माझी गाय.’ तिसरं, चौथं, दहावं. सगळा तालुका जवळ गेला होता. कुणी बायकोच्या जवळ, कुणी बैलाच्या, पोस्टमास्तर तर मिरचीवालीच्याच इतके जवळ गेले होते की त्यांना तिने हाकलून लावलं असं पुढे कळलं. आणि प्रत्येक फोटो धुक्यात बुडालेला. फक्त मागची झाडं लख्ख.

मला कळेना. दादाला मात्र कळलं. त्याने कपाळाला हात लावला आणि हळूच म्हणाला, “अगं, तो डबा आहे. त्याला जवळचं दिसत नाही.”

मी फोटोच्या धंद्यात वाढले, पण डबा कॅमेरा कधी हातात धरला नव्हता. मला ठाऊक होता तो दादाचा तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा, ज्यात काळ्या कापडाखाली डोकं घालून काच पुढेमागे करत चेहरा स्वच्छ आणता येतो. डब्याची काच जागची हलत नाही. दोन माणसं आडवी मावतील एवढं अंतर ठेवलं तर सगळं स्पष्ट, त्याहून जवळ गेलं की पीठ. वरच्या खिडकीत बघणाऱ्याला ते कळतही नाही, तिथे सगळं चिमुकलं आणि छानच दिसतं. लोक लांबून फोटो काढत होते ते पायांसाठी, हे खरं. पण त्या खुळ्या समजाने त्यांचे फोटो वाचत होते, आणि माझ्या शहाणपणाने बुडाले.

दुसऱ्याच दिवशी झाईचे काका दुकानात आले. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी पडद्यामागे होते. काकांनी काउंटरवर फोटो आपटला.

“आ शुं छे? तुम्ही म्हणालात जवळ जा. गेलो. अख्खा रोल घालवला. आता ही माझी मुलगी आहे की भोपळा, ते सांगा!”

कुणीतरी हसलं. काकांचा पारा आणखी चढला. “माणसाला आपलंच काम कळत नसेल, तर त्याच्या हाती मुलगी कशी द्यायची?”

पडदा माझ्या हातापासून वीतभर होता. तो सरकवून एवढंच म्हणायचं होतं की काका, ते मी लिहिलं. दादाचं लग्न त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं, हे मला तेव्हाही स्वच्छ दिसत होतं. पण तसं बोलावं तर दोष टळेल आणि गुणही टळेल. ज्या चिठ्ठीमुळे मुलगी बघायला तयार झाली ती चिठ्ठीही दादाची नाही असं होईल. हे मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढं शहाणं नव्हतं. मी भ्याले. हातातल्या निगेटिव्हवर पेन्सिल तशीच टेकलेली राहिली आणि एका सभ्य गृहस्थांची अर्धी भुवई त्यात गेली.

दादा शांतपणे म्हणाला, “काका, चूक माझी. या कॅमेऱ्याला जवळचं दिसत नाही, ते मी सांगायला हवं होतं. तुमची काही चूक नाही.”

काका भांडायच्या तयारीने आले होते. समोरचा एका वाक्यात कबूल होईल याची त्यांनी तयारी केली नव्हती. थोडा वेळ ते फोटो उलटसुलट करत राहिले.

“मग आता?”

“रविवारी वाडीवर येतो. जवळ कसं जायचं ते दाखवतो.”

“आणि नाही आलं तर?”

“तर बैठक नको,” दादा म्हणाला.

रविवारी आम्ही दोघं बसने झाईला गेलो. दादाने मला सोबत का घेतलं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चिकूच्या झाडाखाली मुलगी उभी होती, त्याच फोटोतल्यासारखी, फक्त हसत नव्हती. काका डबा घेऊन बसले होते. एकीकडे मासळी वाळत घातली होती, तिचा वास येत होता.

दादा म्हणाला, “घरात कुणाची चाळिशी आहे का? वाचायचा चष्मा?”

“आमच्याकडे चष्मा कुणाला नाही,” काका ताठ होऊन म्हणाले. “आमच्या सगळ्यांची नजर साफ.”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “खिशातला.”

“कुठला खिशातला?”

“कोटाच्या आतल्या. पेपर वाचताना दार लावून घालता तो.”

काकांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी चिकू बघत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढून दिला, एखादा गुन्हा कबूल करावा तसा. दादाने त्याची एक काच डब्याच्या काचेपुढे धरली. “माणसाला चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, तसंच याचं आहे. याला चष्मा द्यायचा, आणि हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढं जवळ जायचं. पण चष्मा हलता कामा नये. कुणी तरी धरा.”

फोटो दादाने काकांचाच काढायचा ठरवला. मुलगी पुढे होऊन चष्मा धरून उभी राहिली. दादा डब्यावर वाकला. दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती. आणि ती हळू आवाजात, पण मला ऐकू येईल अशी, म्हणाली, “समुद्र उद्याही तिथेच असेल, हसू नसेल. मला पाठ आहे. कसं सुचलं तुम्हाला?”

दादाने मान वर केली. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. वाक्य कुठलं, कुणाचं, त्याच्या काही ध्यानात येईना. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं. त्याने तोंड उघडलं. मी नको म्हणून मान हलवली. अगदी थोडी.

“लिहिलं असेल,” तो म्हणाला, आणि खटका दाबला.

फोटो इतका लख्ख आला की काकांच्या मिशीतला पांढरा केसही मोजता आला असता. काकांनी विचारलं, “हा केस घालवता येईल?” मी तो घालवला. सुपारी फुटली. स्पर्धेतलं बक्षीस कैनाडच्या शेतकऱ्याला गेलं, कारण त्याच्याकडे दुसऱ्या रोलचे पैसे नव्हते म्हणून त्याने गेल्या वर्षीचेच बैल सावली कापून पाठवले होते. आणि दादाला गावभर नवं नाव पडलं. स्टेशनावर टांगेवाले विचारायचे, “काय जवळजा, टांगा जवळ आणू की लांबूनच बसता?” तो हसून लांबूनच चालत यायचा.

लग्नात काकांनी हट्ट धरला की जोडप्याचा फोटो आपणच काढणार. नाहीतरी गावातला फोटोवाला बोहल्यावर होता. त्यांनी आदल्या दिवशी वरातीच्या घोड्याचा चेहरा जवळून घेतला होता आणि त्यासाठी चष्म्याची काच डब्याला चिकटपट्टीने पक्की बसवली होती. ती काढायची राहिली. मग पाय आले पाहिजेत म्हणून ते भरपूर लांब गेले, आणि चाळिशीच्या काचेला लांबचं दिसत नाही. आमच्या दादा-वहिनीच्या लग्नाचा तो एकमेव फोटो. दोन पांढुरके भोपळे, वर मुंडावळ्यांची धूसर जाळी. काकांनी निगेटिव्ह माझ्यापुढे ठेवली. “काही करता येईल?” मी पेन्सिल घेऊन तासभर बसले. भरायला कुठे कडच सापडेना.

वहिनी घरात आली आणि माझं खरं ओझं तिथून सुरू झालं. दादा टांगेवाल्यांची चेष्टा सहज सोसायचा, त्याचं मला एवढं लागलं नाही. लागलं ते वेगळंच. वहिनी चिठ्ठीतल्या त्या माणसाची वाट बघत राहिली. तिने माशाचं कालवण वाढलं की विचारायची, “कसं झालंय?”

“छान.”

“गुण एक, दोष एक, उपाय एक?”

“छानच आहे गं.”

ती हसायची, पण एखाद्या वेळी माझ्याकडे वळून म्हणायची, “वन्सं, परक्या माणसांना एवढं सुंदर लिहायचे. घरच्यांसाठी शब्दच ठेवले नाहीत बघा.” मी पानातलं जेवत राहायची. पुढे लग्न होऊन मी तलासरीला गेले. सणावारी आले की पाहुण्यांपुढे वहिनी तीच वाक्यं म्हणून दाखवायची, ‘यांनी लिहिलं होतं’ म्हणून. मी उठून पाणी आणायला जायची. पाणी प्यायचं नसायचं कुणाला.

आता स्टुडिओ बंद झाला. दादाचं बरं चाललं आहे, दुपारी झोपतो, संध्याकाळी समुद्रावर जातो. परवा मी डहाणूला गेले, तर वहिनी दारातच म्हणाली, “बरं झालं आलात. वाचनालयाने पुन्हा स्पर्धा ठेवली आहे. आता रंगीत फोटो. परीक्षक हेच. या वेळी मी समोर बसून लिहिताना बघणार आहे.” ओसरीवर टेबल मांडलेलं, नव्या चिठ्ठ्यांची चळत, भरलेलं पेन. दादा त्या चळतीपुढे बसला होता. मोठ्या डॉक्टरकडे नंबर लावून माणूस बसतो तसा.

वहिनी चाळिशी लावून त्याच्या खांद्यावरून डोकावत होती. दादाने पेन उचललं. फोटोकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मग लिहिलं: ‘छान.’

वहिनीने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. ती नुसतं पुसत राहिली, आणि मला ते बघवेना.

“वहिनी,” मी म्हटलं, “त्या चिठ्ठ्या दादाच्या नव्हत्या. माझ्या होत्या. अक्षर तेवढं त्याचं. जवळ जा ते मीच लिहिलं होतं, आणि समुद्राचंही.”

एवढंच. इतकी वर्षं लागली, आणि सांगून झालं तर ओसरीवरचा पंखाही आपल्या गतीनेच फिरत होता.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग दादाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. “म्हणजे वन्सं,” ती म्हणाली, “मी पसंत केलं होतं ते तुम्हाला!”

दादाच्या हातून पेन खाली पडलं.

“आणि तुम्ही?” ती त्याच्याकडे वळली. “तुम्हाला तोंड नव्हतं?”

“मी तेव्हाच सांगणार होतो,” दादा म्हणाला. “पण तुझ्या हातात चष्मा होता. हलली असतीस तर फोटो बिघडला असता.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर तुम्ही दोघी रोज एकत्र जेवायला बसायचात. म्हटलं, हिच्या पोटातलं हिने सांगावं. मी कशाला?”

वहिनी खुर्चीत बसली. मला वाटलं आता रडेल. मी हात पुढे केला, तो तिने झिडकारला नाही, घेतलाही नाही. मग म्हणाली, “एक सांगू? चिठ्ठी वाचून मी बघायला हरकत नाही एवढंच म्हटलं होतं. होकार दिला तो नंतर. बाबा दुकानातून भांडून घरी आले, म्हणाले, तो पोरगा भर दुकानात ‘चूक माझी’ म्हणाला. आमच्या घरात तोवर कुठल्या पुरुषाने असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तिथे मी हो म्हटलं.” आणि एकदम तिचा आवाज चढला. “नि आता तुम्ही सांगता, ती चूकही यांची नव्हती!”

दादा पेन उचलायला वाकला होता. टेबलाखालूनच म्हणाला, “पण म्हणालो तर मीच ना?”

आधी वहिनीचे खांदे हलले, मग ती हसायला लागली, आणि ते हसणं काही थांबेना. मलाही आवरेना. दादा टेबलाखालून बाहेर आला तो आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला, आपण काही विनोद केला का, अशा चेहऱ्याने.

हसून झाल्यावर वहिनीने स्पर्धेचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. पण आधी उठून आत गेली आणि भिंतीवरची ती तसबीर काढून आणली, दोन भोपळ्यांची. काचेवरची धूळ फुंकली आणि एक कोरी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली.

“आधी यावर लिहा. गुण, दोष, उपाय. आणि छान लिहिलंत तर जेवायला मिळणार नाही.”

मी माझा चष्मा लावला. तसबीर बराच वेळ बघितली. मग लिहिलं: ‘एक कुठे संपतो आणि दुसरी कुठे सुरू होते, ते शोधून सापडत नाही. हा दोष मानला तर उपाय सुचत नाही.’

वहिनीने ते दोनदा वाचलं. दादाने पक्कं उतरवून काढायला सवयीने हात पुढे केला, तेव्हा तिने त्याच्या हातावर चापट मारली.

“राहू दे तसंच,” ती म्हणाली आणि चिठ्ठी परत माझ्याकडे सरकवली. “वन्सं, खाली सही करा. आपली.”